खेड्यातील नेमणूक आणि तिचा दंड

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई, यांस,



ग्रामीण भागात परिचारिका टिकत नाहीत, आणि ज्या जातात त्या बदलीचा अर्ज पिशवीत घालूनच रुजू होतात, ही तक्रार विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांत, जिल्हा परिषदांच्या सभांत आणि वर्तमानपत्रांच्या स्तंभांत इतकी वर्षे होत आली आहे की, तिच्याकडे आता ऋतुमानाकडे पाहावे तसे पाहिले जाते. तिच्यावर उपाय म्हणून दर 12 मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जयंतीला, सभागृहात दीपप्रज्वलन होते, पुष्पगुच्छ दिले जातात, आणि व्यासपीठावरील वक्ते परिचारिकांना खेड्यांकडे वळण्याचे, सेवाभाव जागृत ठेवण्याचे आवाहन करतात. या आवाहनाविषयी मला आपल्याशी थोडे सविस्तर बोलावयाचे आहे. माझा त्या बाबतीतला अधिकार वैद्याचा नाही आणि समाजसेवकाचाही नाही. शासकीय कचेरीत पगारबिले तयार करण्यात माझी हयात गेली, आणि मनुष्याच्या कर्तव्यबुद्धीविषयी शासनाचे खरे मत काय आहे, ते व्यासपीठावरील भाषणापेक्षा पगारबिलाच्या रकान्यांत अधिक स्वच्छ वाचता येते, अशी माझी धारणा त्या नोकरीने करून दिली.

मी राहतो ते धायरी. धारेश्वराच्या देवळाची ही धायरी, माझ्या समवयस्कांच्या आठवणीत, पुण्याला दूध आणि भाजी पुरविणारे एक गाव होती; तिचा काही भाग महानगरपालिकेत पूर्वीच गेला होता, उरलेला 2017 साली अकरा गावांच्या तुकडीबरोबर गेला, आणि ज्या शिवारात ज्वारी उभी असे तेथे आता सात-सात मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. सिंहगड रस्त्याला दोन्ही अंगांनी रुग्णालये झाली. सकाळी आठच्या सुमारास धायरी फाट्यावर क्षणभर उभे राहिले, तर रात्रपाळी संपवून परतणाऱ्या मुलींचे थवेच्या थवे दिसतात: डोळे तांबारलेले, केस घट्ट बांधलेले, खांद्यावरच्या पिशवीत घडी केलेला गणवेश आणि रिकामा डबा. त्यांच्यापैकी पुष्कळ जणी मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या, खानदेशातल्या, काही केरळातल्या. म्हणजे खेड्यात जावयास तयार नसलेल्या म्हणून ज्यांना आपण दूषणे देतो, त्या बहुतांशी खेड्यातूनच आलेल्या आहेत, ही गोष्ट आवाहन करणारांच्या ध्यानात क्वचितच येते.

याच रस्त्याने पुढे निघाले की, खडकवासला मागे पडतो आणि तासाभरात पानशेतच्या खोऱ्यात शिरता येते. तेथून पुढे तोरणा-राजगडाच्या कुशीतला वेल्हे तालुका, ज्याचे नाव अलीकडे राजगड तालुका झाले. नाव पालटण्यास राजपत्रातील एक अधिसूचना पुरली; पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की, पलीकडच्या वाडीतल्या बाळंतिणीपर्यंत पोहोचण्याची अडचण मात्र जुनीच राहिली. धायरीच्या रुग्णालयात ज्या मुली पाळ्या लावतात आणि त्या वाडीत ज्या एका बाईची वाट पाहिली जाते, त्यांच्यात अंतर फारसे नाही. शिक्षण एक, परीक्षा एक, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीतील नोंदही एकच. असे असता ही येथे आहे आणि ती तेथे नाही, याचे कारण त्यांच्या स्वभावात शोधण्यापूर्वी आपल्या दप्तरात शोधावे, एवढीच माझी विनंती आहे.

उदाहरणादाखल एक बिल समोर घेऊ. अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी राज्यात सर्वत्र सारखीच, एस-13. आरंभीचे मूळ वेतन 35,400 रुपये. घरभाडे भत्त्याच्या वर्गीकरणात पुणे शहर ‘एक्स’ वर्गात मोडते आणि खेडे ‘झेड’ वर्गात. महागाई भत्त्याने पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडल्यावर जे दर लागू होतात त्यांप्रमाणे ‘एक्स’ला मूळ वेतनाच्या 30 टक्के आणि ‘झेड’ला 10 टक्के. म्हणजे शहरातील शासकीय रुग्णालयातल्या भगिनीला 10,620 रुपये, आणि खेड्यातील ग्रामीण रुग्णालयातल्या भगिनीला 3,540. दरमहा 7,080 रुपयांचा हा फरक वर्षाकाठी 84,960 वर जातो, आणि शहरातल्या भगिनीला स्थानिक पूरक भत्ता मिळतो तो निराळाच. जी बाई वीज गेल्यावर मोबाइलच्या उजेडात टाके घालते तिला कमी, आणि जिच्या हाताशी उद्वाहन, ऑक्सिजनची नळी आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर आहे तिला अधिक, असा हा हिशेब आहे; आणि तो कोणा दुष्ट माणसाने केलेला नसून नियमांनी आपोआप केलेला आहे, म्हणूनच तो इतकी वर्षे निर्वेधपणे चालला.

यावर वित्त विभागातील कोणीही सुज्ञ अधिकारी सांगेल की, घरभाडे भत्ता हा भाड्यासाठी असतो, बक्षिसासाठी नसतो, आणि शहरात भाडे अधिक म्हणून भत्ता अधिक. हा युक्तिवाद मी स्वतः पुष्कळांना ऐकविलेला आहे आणि कागदावर तो निर्दोष आहे. परंतु खेड्यात नेमणूक झालेल्या बाईचा संसार प्रत्यक्षात कसा चालतो हे पाहिले, म्हणजे त्यातील पोकळपणा दिसतो. मुले तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या शाळेत, नवरा त्याच्या नोकरीच्या गावी, आणि ही नेमणुकीच्या गावी: चुली दोन, भाडी दोन, वर आठवड्याच्या जाण्यायेण्याचा खर्च. शहरातली बाई एक घर चालविते आणि तिला तिप्पट मिळते. शिवाय जिल्हा परिषदेच्या आरोग्य कर्मचाऱ्याने आपण मुख्यालयी राहतो हे सिद्ध करण्यासाठी, ग्रामविकास विभागाच्या 2019 च्या आदेशानुसार, ग्रामसभेचा ठराव आणावयाचा असतो. मध्यरात्री जिला उठवून नेले, तिने सकाळी ग्रामसभेपुढे उभे राहून आपण येथेच राहतो याचा दाखला मागावा, हे मला तरी विपरीत वाटते. शहरातल्या भगिनीकडे असा दाखला कोणत्या प्रभाग समितीने मागितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

दुर्गम भागासाठी शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 6 ऑगस्ट 2002 च्या शासन निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त क्षेत्रांतील कर्मचाऱ्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी देण्यात आली, आणि मूळ वेतनाच्या 15 टक्के प्रोत्साहन भत्ताही ठरविण्यात आला. मात्र तो किमान 200 आणि कमाल 1,500 रुपये. निर्णय उदात्त होता आणि त्याने गडचिरोली-मेळघाटातील पुष्कळांना हात दिला. पण 35,400 च्या 15 टक्के 5,310 होतात, आणि 1,500 ची ती मर्यादा 2002 सालच्या पगारमानाला धरून घातलेली होती. दुसरी गोष्ट अशी की, क्षेत्राची सीमा आखताना ज्या डोंगराळ खोऱ्यांवर आदिवासी उपयोजनेचा शिक्का नाही ती बाहेर राहिली: घोडेगाव प्रकल्पाखालील आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्याला जे लागू होते, ते पानशेतच्या वरच्या खोऱ्याला होत नाही. सह्याद्रीचा पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो.

पैशाचे एवढे बोललो म्हणून सारा प्रश्न पैशाचाच आहे असा आपला समज होऊ नये. आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी एक मुलगी बारावीनंतर तीन वर्षांचा जी.एन.एम. हा परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण करून, येथे येण्यापूर्वी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी परिचारिका होती. केंद्राचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण त्यासारखी अनेक आहेत. आदेश अकरा महिन्यांचा, पुढे मुदतवाढ मिळाली तर मिळाली. राहण्यासाठी निवासस्थान दप्तरी ‘उपलब्ध’ होते. पहिल्याच पावसात पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर घ्यावा लागला, आणि मागच्या दाराला कडीऐवजी सुतळी होती. “गावाकडं जायला मी कुठं नाही म्हणते, काका?” ती एकदा म्हणाली. “मी गावातलीच आहे. पण रात्री दोनला दार वाजलं, तर ते कुणाच्या भरवशावर उघडायचं, एवढं सांगा.” पेशंट असेल म्हणून उघडलेच पाहिजे, आणि दारू प्यालेला असेल म्हणून उघडू नये, दोन्हींचा निर्णय दाराच्या आतल्या अंगाला उभ्या असलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने एकटीने करावयाचा. या प्रश्नाला सेवाभाव हे उत्तर नव्हे. दोन परिचारिका, एक शिपाई आणि एक घट्ट कडी हे उत्तर आहे, आणि तिन्हींची तजवीज आपल्या अखत्यारीत आहे.

तीच मुलगी मला कामाचे सांगते तेव्हा तिचा आवाज बदलतो. लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविकेबरोबर केंद्रातून निघताना बर्फाची पाकिटे शीतपेटीतून काढून लगेच कॅरियरमध्ये घालावयाची नसतात. कानाशी धरून हलवावी, आत पाणी खळखळल्याचा आवाज आला म्हणजेच भरावी, नाही तर पेंटाव्हॅलंटची कुपी गोठून निकामी होते आणि वरून पाहता काहीच कळत नाही. बी.सी.जी.ची कुपी एकदा विरघळविली की, चार तासांत संपवावी किंवा टाकून द्यावी. म्हणून आया जमल्याशिवाय ती फोडावयाची नाही, आणि आया तर निंदणीला गेलेल्या. बाळ जन्मल्यावर मिनिटाच्या आत बाळंतिणीला ऑक्सिटोसिनची दहा युनिटे टोचली, तर वार पडताना होणाऱ्या रक्तस्रावापासून तिचा जीव बहुधा वाचतो. हे इंजेक्शन देणारा हात त्या खोलीत असला पाहिजे, एवढीच अट. ही सारी विद्या तिला तोंडपाठ आहे, आणि आज ती एका खाजगी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रक्तदाब लिहून घेते. ही उधळपट्टी पगारबिलात दिसत नाही.

परिचर्येची किंमत आम्हा सिंहगड रस्त्याच्या लोकांना अलीकडेच पुन्हा कळली. जानेवारी 2025 मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या पट्ट्यात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हातपाय लुळे पडलेला, श्वासासाठी यंत्रावर विसंबलेला माणूस मज्जातंतू पूर्ववत होईपर्यंत आठवडेच्या आठवडे जगतो, तो औषधाइतकाच त्याला कुशीवर वळविणाऱ्या, घशातला कफ ओढणाऱ्या, पाठीला जखम होऊ न देणाऱ्या हातांवर. आमच्याजवळ ते हात होते. तीच साथ चाळीस किलोमीटर वर लागली असती तर काय झाले असते, हा विचार त्या महिन्यात माझ्या मनातून गेला नाही.

पुण्याला या विषयाचा एक पूर्वेतिहास आहे आणि तो आपल्या खात्याने अवश्य पाहावा. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी 1909 साली पुणे सेवासदन स्थापिले, तेव्हा परिचारिकेचा व्यवसाय मध्यमवर्गीय घराण्यांत निषिद्धच मानला जाई. परपुरुषाच्या अंगाला हात लावणारी बाई म्हणजे काय, हे सांगण्याची सोय नव्हती. अशा काळात रमाबाईंनी केवळ प्रवचने करून विधवांना आणि परित्यक्तांना या मार्गाला लावण्याचा प्रयत्न केला असता, तर ती प्रवचने हवेत विरली असती. त्यांनी ससून रुग्णालयात शिक्षणाची व्यवस्था लावली, राहण्यासाठी वसतिगृह काढले, आणि संस्थेच्या नावाची प्रतिष्ठा त्या मुलींच्या पाठीशी उभी केली. ज्या मुलीला घरचे दार बंद झाले तिला दुसरे दार दाखविताना, त्या दारामागे खोली, जेवण आणि सोबत आहे याची खात्री त्यांनी आधी करून घेतली. शंभर वर्षांपूर्वी एका सामाजिक संस्थेला, देणग्या गोळा करून, जे साधले, ते अर्थसंकल्प हाताशी असलेल्या राज्याला साधू नये याचे मला आश्चर्य वाटते.

पुढच्या काळातील नावे आपल्याला मी सांगावयास नकोत: 1970 साली जामखेडला गेलेले रजनीकांत आणि मेबल आरोळे, के.ई.एम. रुग्णालयाची शक्ती वढूच्या खेड्यांमागे उभी करणाऱ्या बानू कोयाजी, 1986 पासून गडचिरोलीत बसलेले अभय आणि राणी बंग. यांच्या कार्याचा गौरव करावा तेवढा थोडाच. तथापि त्यांचे नाव घेऊन पंचविशीतल्या पगारी परिचारिकेला लाजविण्याची जी रीत पडली आहे, ती सोडावी. त्यांच्यापासून शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. या सर्वांनी माणसे त्या त्या गावातूनच निवडली, तेथेच शिकविली आणि तेथेच ठेविली. थायलंडने आपल्या परिचारिकांच्या बाबतीत हेच धोरण राष्ट्रीय पातळीवर राबविले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2010 साली आणि पुन्हा 2021 साली ग्रामीण भागात आरोग्य कर्मचारी टिकविण्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही ग्रामीण विद्यार्थ्यांची निवड हा मुद्दा ठळकपणे येतो. राजगड तालुक्यातील बारावी झालेल्या मुली त्याच तालुक्याच्या नावे निवडून, त्यांचे शुल्क भरून, त्यांना दरमहा विद्यावेतन देऊन शिकवावयास काय हरकत आहे? हरकत आहे ती एवढीच की, परिचर्या महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, ग्रामीण रुग्णालये आपल्याकडे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे जिल्हा परिषदेमार्फत, म्हणजे ग्रामविकासाच्या छायेत. एका मुलीच्या नेमणुकीचा कागद तीन खात्यांच्या टेबलांवरून फिरून येईपर्यंत ती मुलगी धायरीला पोहोचलेली असते.

शासनाने मनावर घेतले तर सारे जमते, याचा पुरावा माझ्याजवळ आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला आणि त्यात परिचारिकांचा समावेश आहे. त्यांना जर्मन भाषा शिकविण्याची योजना आखली गेली. परदेशी भाषा, परदेशी परवाना, प्रवास या साऱ्यांचा विचार कचेऱ्यांनी केला. ज्यांना जावयाचे त्यांनी सुखाने जावे, मी त्याविरुद्ध नाही. गरीब घरातल्या मुलीला स्टुटगार्टचा पगार मिळत असेल, तर तिला अडविणारा मी कोण? परंतु समुद्रापलीकडे जाणाऱ्या मुलीची जेवढी काळजी वाहिली, तिच्या निम्म्याने पानशेतपलीकडे जाणारीची वाहावी, एवढे मागणे वावगे ठरू नये.

आता परतीच्या वाटेविषयी, कारण माझ्या मते गाठ खरी येथे आहे. खेड्यात जाण्यापेक्षा खेड्यात अडकून पडण्याचे भय मोठे असते. एकदा दूरच्या ठिकाणी नाव लागले की, वशिला असेल तो सुटतो आणि नसेल तो तेथेच झिजतो, हे प्रत्येक कर्मचाऱ्याला ठाऊक असल्यामुळे पहिल्या दिवसापासून सारी शक्ती सुटण्याच्या खटपटीत जाते. नेमणुकीच्या आदेशातच जर लिहिले की, तीन वर्षे पूर्ण होताच उमेदवाराने निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी एकावर बदली अर्ज न करता होईल, आणि ती त्या तारखेला खरोखरीच झाली, तर जाणाऱ्यांची संख्या आपल्याला मोजून पाहता येईल. डॉक्टरांच्या बाबतीत दुर्गम सेवेच्या प्रत्येक वर्षाला पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतील गुणांवर 10 टक्के, कमाल 30 टक्के वाढ, हे तत्त्व वैद्यक परिषदेच्या नियमावलीने पूर्वीच मान्य केले. पोस्ट बेसिक बी.एस्सी. किंवा एम.एस्सी.ला जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकेला तेच तत्त्व लावण्यास कोणती शास्त्रीय अडचण आहे, ते समजत नाही. आणि कंत्राटाचे: मे 2022 आणि जुलै 2025 मध्ये राज्यातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या, त्यात कंत्राटी भरतीला विरोध ही मागणी अग्रभागी होती. अकरा महिन्यांच्या माणसाकडून गावाशी जन्माचे नाते जोडण्याची अपेक्षा करू नये.

हे सर्व एकदम महाराष्ट्रभर करा असे मी म्हणत नाही. तसे म्हटले की समिती नेमली जाते. राजगड हा एक तालुका तीन वर्षांसाठी घ्यावा. तेथे काम करणाऱ्या प्रत्येक परिचारिकेस आणि परिचारकास ‘एक्स’ वर्गाचा घरभाडे भत्ता द्यावा, ग्रामसभेच्या ठरावाची अट उठवावी, कोठेही एकटीची नेमणूक करू नये, निवासस्थानाची डागडुजी पावसाळ्यापूर्वी पुरी करून बांधकाम खात्याऐवजी राहणाऱ्या बाईची सही पूर्णत्वाच्या दाखल्यावर घ्यावी, आणि बदलीची तारीख आदेशातच छापावी. फरकाची रक्कम मी वर काढून दिलेलीच आहे: आरंभीच्या वेतनावरील एका परिचारिकेमागे वर्षाला 84,960 रुपये. तिला तालुक्यातील पदांच्या संख्येने गुणण्याचे काम आपल्या कचेरीतील कोणताही कनिष्ठ लिपिक अर्ध्या तासात करील.



आपला,
एक सेवानिवृत्त लेखा लिपिक,
धायरी, पुणे

प्रत: मा. अपर मुख्य सचिव, वित्त विभाग, यांस माहितीसाठी. ‘पूर्वोदाहरण निर्माण होईल’ असा शेरा या कागदावर येण्याचा संभव आहे. मीही तो हयातभर लिहीत आलो आहे. या प्रकरणी पूर्वोदाहरण निर्माण व्हावे हाच अर्जाचा हेतू असल्याचे कृपया नोंदवावे.